लबाडाला काय विचारावं?

प्रश्न : माझी मुलगी स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करते. ‘एक जण नेहमी खरं बोलतो, दुसरा नेहमी खोटं बोलतो’ अशी जी कोडी बुद्धिमत्ता चाचणीत येतात, ती आम्ही दोघी रात्री जेवणं उरकल्यावर सोडवत बसतो. उत्तर वाचलं की लगेच पटतं, पण नवं कोडं पुढ्यात आलं की सुरुवात कुठून करायची तेच कळत नाही. सगळ्या शक्यता एकेक करून तपासायच्या, एवढाच मार्ग असतो का? आणि दोन वाटांवर उभ्या असलेल्या दोन पहारेकऱ्यांच्या कोड्यात ‘तुझा सोबती काय सांगेल?’ असं विचारायचं, हे सुचावं कसं? – एक वाचक, सांगली

उत्तर : सगळ्या शक्यता तपासून उत्तर हमखास मिळतं, पण ती वाट लांबची आहे. दोन माणसं असली की चार शक्यता, तीन असली की आठ, पाच असली की बत्तीस, आणि दहा माणसांच्या कोड्यात १०२४. परीक्षेत एवढा वेळ नसतो. त्याहून मोठी अडचण अशी, की तक्ता भरून उत्तर आलं तरी ते तसंच का आलं हे समजत नाही. म्हणून आदल्या कोड्याचा उपयोग पुढच्या कोड्याला होत नाही आणि प्रत्येक कोडं नवंच वाटतं. तुमचं नेमकं हेच होत असावं.

कोडं वाचल्याबरोबर आपण स्वतःला विचारतो, ‘हा खरं बोलतोय की खोटं?’ सुरुवातीला याचं उत्तर मिळायला काही आधारच नसतो, म्हणून आपण अडून बसतो. हा प्रश्न सोडून द्या. त्याच्या जागी असं विचारा : ‘हे वाक्य कोणाच्या तोंडून निघू शकेल?’ फरक छोटा वाटेल, पण जवळजवळ सगळी कोडी या दुसऱ्या प्रश्नानं उघडतात. कसं ते सांगतो.

या कोड्यांना स्वतःचं असं एक बेट मिळवून दिलं ते अमेरिकन तर्कशास्त्रज्ञ रेमंड स्मलियन (१९१९–२०१७) यांनी. जादूचे प्रयोग करणारे, उत्तम पियानो वाजवणारे आणि प्रिन्स्टनला अलोन्झो चर्च यांच्याकडे गणिती तर्कशास्त्र शिकलेले हे गृहस्थ. ‘व्हॉट इज द नेम ऑफ धिस बुक?’ हे त्यांचं पुस्तक १९७८ साली आलं. त्यातल्या बेटावर दोनच प्रकारचे लोक राहतात. ‘नाइट’ नेहमी खरं बोलतात, ‘नेव्ह’ नेहमी खोटं. आपण त्यांना सत्यवादी आणि लबाड म्हणू. दिसण्यावरून त्यांच्यातला फरक ओळखता येत नाही, फक्त बोलण्यावरून ओळखायचं.

बेटावर तपासलं जातं ते वाक्य, बोलणाऱ्याचा हेतू नाही. धर्मराजाच्या ‘नरो वा कुंजरो वा’ला आपण अर्धसत्य म्हणतो, त्याचा रथ त्यामुळे जमिनीला टेकला असंही सांगतो. बेटाच्या नियमानं मात्र तो सत्यवादीच राहिला असता, कारण अश्वत्थामा नावाचा हत्ती खरोखरच मेला होता. कोडी सोडवताना हा कोरडा नियम पक्का धरायला लागतो. ‘त्याला असं म्हणायचं असेल’ असा विचार मनात आला की गणित चुकलंच.

आता पहिलं वाक्य घ्या : ‘मी लबाड आहे.’ हे कोण बोलू शकेल? सत्यवादी बोलणार नाही, कारण त्याच्या तोंडी ते खोटं ठरेल. लबाडही बोलणार नाही, कारण त्याच्या तोंडी ते खरं ठरेल. म्हणजे त्या बेटावर हे वाक्य कुणीच कधी उच्चारत नाही. एवढ्या साध्या गोष्टीतून एक सुंदर कोडं तयार होतं. तुम्ही बेटावर उतरता, किनाऱ्यावर तिघं उभे आहेत. पहिल्याला तुम्ही विचारता, ‘तू कोण?’ तो काहीतरी बोलतो, पण लाटांच्या आवाजात ऐकू येत नाही. दुसरा सांगतो, ‘तो म्हणाला, मी लबाड आहे.’ तिसरा म्हणतो, ‘याचं ऐकू नका, हा खोटं बोलतोय.’ पहिल्याचा शब्दही तुमच्या कानावर पडलेला नाही, तरी दुसरा लबाड आहे हे तुम्ही शपथेवर सांगू शकता, कारण त्यानं पहिल्याच्या तोंडी जे घातलं ते तिथं कुणी म्हणूच शकत नाही. दुसऱ्याला खोटं ठरवणारा तिसरा त्यामुळे आपोआप सत्यवादी झाला. पहिला कोण ते मात्र कळत नाही आणि कळणारही नाही. कोड्यात सगळ्यांचा उलगडा व्हायलाच हवा असं नसतं, हेही यातून शिकायला मिळतं.

याच्या उलट वाक्य : ‘मी सत्यवादी आहे.’ हे दोघंही बिनदिक्कत म्हणतील. म्हणून ते ऐकून तुमच्या माहितीत काडीचीही भर पडत नाही. इथंच विद्यार्थ्यांची सर्वांत मोठी चूक होते. ते म्हणतात, ‘समजा हा खरं बोलतो. मग सगळं जुळतं. म्हणजे हा सत्यवादी.’ नाही. एक शक्यता जुळली याचा अर्थ ती नाकारता येत नाही, इतकाच. दुसरी जुळत नाही हे दाखवल्याशिवाय उत्तर पुरं होत नाही. मुलीला ही सवय आत्ताच लावा. विसंगती सापडली तर तिथेच थांबायचं, सापडली नाही तर दुसरी बाजूही तपासायची.

या दोन टोकांच्या मधली वाक्यं कोडं रचणाऱ्याच्या खरी उपयोगाची. ती दोघांपैकी एकाच प्रकारच्या माणसाला बोलता येतात. बेटावर अ आणि ब असे दोघे भेटले आणि अ म्हणाला, ‘आम्ही दोघंही लबाड आहोत.’ सत्यवादी स्वतःला लबाड म्हणणार नाही, म्हणून अ लबाड. मग त्याचं वाक्य खोटं असायला हवं, म्हणून ब सत्यवादी. आणि समजा अ म्हणाला, ‘आमच्यापैकी निदान एक जण लबाड आहे.’ हे लबाडाला म्हणता येणार नाही, कारण तो स्वतः लबाड असल्यामुळे वाक्य खरं होऊन बसेल. म्हणून अ सत्यवादी आणि ब लबाड. शब्दांत थोडासाच बदल झाला, पण उत्तर पुरतं उलटलं.

पहिल्या वाक्याच्या वेळी एका जागी पाय घसरतो, तिथं थोडं थांबू. ‘आम्ही दोघंही लबाड आहोत’ हे खोटं, म्हणजे काय? पुष्कळजण घाईनं लिहितात, ‘म्हणजे दोघंही सत्यवादी.’ तसं नाही. ‘दोघंही’ खोटं ठरवायला एकच अपवाद पुरतो. त्याचा नकार आहे ‘निदान एक जण सत्यवादी आहे’. तसंच ‘निदान एक’चा नकार ‘एकही नाही’, ‘सगळे’चा नकार ‘सगळे नव्हेत’, आणि ‘हे किंवा ते’चा नकार ‘हेही नाही आणि तेही नाही’. लबाडाचं वाक्य उलटं करताना ते नेमकं कसं उलटतं हे कळलं नाही, तर पुढचा सगळा विचार वाया जातो. कोडी न सुटण्याचं कारण बहुतेक वेळा तर्क कच्चा असणं हे नसतं, नकार कच्चा असणं हे असतं असं माझं ठाम मत आहे. आठवडाभर दोघींनी कोडी बाजूला ठेवून नुसते नकार केलेत तरी फरक जाणवेल.

पुढची पायरी जोड्यांची. अ म्हणाला, ‘ब लबाड आहे.’ अ खरा असेल तर ब लबाड. अ लबाड असेल तर वाक्य खोटं, म्हणून ब सत्यवादी. कोण कोण आहे ते कळलं नाही, पण दोघं वेगवेगळ्या गटांतले आहेत हे निश्चित झालं. तसंच ‘ब सत्यवादी आहे’ असं अ म्हणाला तर दोघं एकाच गटातले. हे एवढं लक्षात असलं की परीक्षेतली निम्मी कोडी दोन ओळींत संपतात. उदाहरण घ्या. अ म्हणतो, ‘ब लबाड आहे.’ ब म्हणतो, ‘क लबाड आहे.’ क म्हणतो, ‘अ आणि ब दोघंही लबाड आहेत.’ आठ शक्यतांचा तक्ता नको. पहिल्या वाक्यावरून अ आणि ब विरुद्ध गटांत आहेत, म्हणजे त्यांच्यापैकी नेमका एक लबाड. मग ‘दोघंही लबाड’ म्हणणारा क खोटं बोलला. क लबाड, म्हणून ब सत्यवादी, म्हणून अ लबाड. संपलं. अ आणि ब यांच्यातला कोण खरा हे ठरवण्याच्या आधीच क पकडला गेला, हे पाहिलंत ना? सुरुवात कुठून करायची याचं उत्तर यातच आहे. ज्या दोघांचं नातं लगेच कळतं ते आधी टिपून ठेवायचं, आणि मग त्या नात्याला धक्का देणारं वाक्य कुणाचं ते शोधायचं.

काही परीक्षांत तिसरा प्रकारही घालतात, आळीपाळीनं खरं आणि खोटं बोलणारा. त्याला घाबरू नका. त्यानं तीन विधानं केली असतील तर पहिलं आणि तिसरं दोन्ही खरी किंवा दोन्ही खोटी असणार, आणि मधलं त्यांच्या उलट. एवढंच धरून चाला.

आता तुमचा दुसरा प्रश्न, वाटेचा. तिथे जाण्याआधी एक अजब वाक्य पाहू. अ म्हणतो, ‘मी आणि ब एकाच गटातले आहोत.’ अ सत्यवादी असेल तर वाक्य खरं, म्हणून ब त्याच्यासारखाच सत्यवादी. अ लबाड असेल तर वाक्य खोटं, म्हणून ब त्याच्या उलट, म्हणजे पुन्हा सत्यवादीच. अ कोणीही असो, ब सत्यवादी! बोलणाऱ्याबद्दल आपल्याला काहीच कळलं नाही, पण ज्याच्याबद्दल तो बोलला त्याच्याबद्दल सगळं कळलं. असं का झालं? लबाडानं वाक्य उलटवलं खरं, पण वाक्यात त्यानं स्वतःलाही गोवलेलं होतं. त्याचं खोटं एकदा बोलण्यात आलं आणि एकदा बोलण्याच्या विषयात आलं, आणि दोन्ही एकमेकांत विरून गेली. लबाडाकडून खरी माहिती काढायची असेल तर प्रश्नात त्यालाच गुंतवायचं. वाटेच्या कोड्याची किल्ली हीच आहे.

वाट फुटते तिथे दोघं उभे आहेत, एक सत्यवादी आणि एक लबाड. एक वाट गावाला जाते, दुसरी जंगलात. प्रश्न एकच विचारायचा. नेहमीचं उत्तर तुम्हाला माहीत आहे : ‘गावाची वाट कोणती असं तुझ्या सोबत्याला विचारलं, तर तो कोणती दाखवील?’ सत्यवादी लबाडाचं खोटं जसंच्या तसं सांगतो. लबाड सत्यवादीचं खरं उलटवून सांगतो. कुणालाही विचारलं तरी उत्तर दोघांच्याही हातून गेलेलं असतं, आणि त्यात खोटं बरोबर एकदाच मिसळतं. म्हणून दाखवलेली वाट नेहमी चुकीची निघते आणि आपण दुसरी धरायची. कोण लबाड हे माहीत नसलं तरी चालतं, कारण खोटं एकदाच मिसळणार याची खात्री असते.

पण वरचं अजब वाक्य ओळखीचं झालं असेल तर याहून चांगला प्रश्न तुमचा तुम्हालाच सुचेल. दुसऱ्या माणसाची गरजच नाही. वाटेवर एकटाच उभा असला आणि तो कोण हे माहीत नसलं, तरी विचारा : ‘डावी वाट गावाला जाते का असं मी तुला विचारलं, तर तू “हो” म्हणशील का?’ सत्यवादी सरळ उत्तर देईल. लबाडाचं पाहा. डावी वाट खरोखर गावाला जात असेल, तर नुसत्या साध्या प्रश्नाला तो ‘नाही’ म्हणाला असता. म्हणजे ‘तू हो म्हणशील का’ याचं खरं उत्तर ‘नाही’. पण त्याला खरं बोलायचं नाही, म्हणून तो म्हणतो ‘हो’. दोनदा खोटं बोलून तो खऱ्यावर येऊन पोचतो. ‘हो’ ऐकलं की डावीकडे वळायचं, ‘नाही’ ऐकलं की उजवीकडे, आणि उत्तर उलटं करण्याची भानगडही नाही. मला हा प्रश्न पहिल्यापेक्षा कितीतरी अधिक आवडतो. पहिल्यात दोघांपैकी एक लबाड असलाच पाहिजे ही अट आहे. इथं दोघंही लबाड असले तरी बिघडत नाही.

हे सुचलं कसं, असं तुम्ही विचारलंत. एका माणसाचं नाव घ्यायचं तर स्मलियन स्वतः ते तत्त्वज्ञ नेल्सन गुडमन यांचं घेत. या युक्तीला त्यांनी गुडमन यांचंच नाव दिलं. १९३१ साली ‘बॉस्टन पोस्ट’ या वृत्तपत्रात गुडमन यांचं खरं बोलणाऱ्यांचं आणि खोटं बोलणाऱ्यांचं एक कोडं छापून आलं होतं. लाटांच्या आवाजात बुडालेल्या उत्तराचं जे कोडं मी वर सांगितलं, त्याच्या घराण्याचंच ते होतं. या कोड्यांचा प्रवास वृत्तपत्राच्या वाचकांपासून सुरू होऊन तर्कशास्त्राच्या वर्गापर्यंत गेला, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

आपल्याकडे म्हणतात, लबाडाचं आवतण जेवल्याशिवाय खरं नाही. बेटावर ही म्हण चालणार नाही. तिथल्या लबाडानं जेवायला बोलावलं तर पान मांडलेलं नाही हे नक्की, आपण घरी जेवून घ्यावं. नेहमी खोटं बोलणारा माणूस माहितीच्या दृष्टीनं नेहमी खरं बोलणाऱ्याइतकाच भरवशाचा असतो. आपल्या म्हणीतला लबाड वेगळा आहे. तो कधी जेवू घालतो, कधी घालत नाही. तर्काला खरी अडचण त्याचीच.

तो लहरी माणूस कोड्यात आणला की काय होतं, हे एमआयटीचे तत्त्वज्ञ जॉर्ज बूलॉस यांनी १९९६ साली ‘हार्वर्ड रिव्ह्यू ऑफ फिलॉसॉफी’मध्ये दाखवलं. ‘जगातलं सर्वांत अवघड तर्ककोडं’ असं त्यांनी त्याला म्हटलं. मूळ कोडं स्मलियन यांचं, आणि त्यातला भाषेचा पेच संगणकशास्त्रज्ञ जॉन मॅकार्थी यांचा, असं बूलॉस यांनीच नोंदवलं आहे. तीन देव आहेत. एक नेहमी खरं बोलतो, एक नेहमी खोटं, आणि तिसरा लहर लागेल तसं. त्यांना आपली भाषा समजते, पण उत्तर ते स्वतःच्या भाषेत देतात : ‘दा’ किंवा ‘जा’. यातला ‘हो’ कुठला आणि ‘नाही’ कुठला हे आपल्याला माहीत नाही. हो-नाहीचे तीनच प्रश्न विचारून तिघांना ओळखायचं.

वाचून डोकं गरगरतं, पण तुमच्या हातात किल्ली आहे. ‘असं विचारलं तर तू “जा” म्हणशील का?’ अशा प्रश्नात भाषेचंही खोट्यासारखंच होतं. ‘जा’चा अर्थ काहीही असो, तो एकदा प्रश्नात येतो आणि एकदा उत्तरात, आणि नाहीसा होतो. लहरी नसलेला देव ‘जा’ म्हणाला की विचारलेली गोष्ट खरी, ‘दा’ म्हणाला की खोटी. उरला लहरी देव. त्याच्याकडून काही शिकता येत नाही, म्हणून त्याला टाळायचं. मधल्या देवाला विचारा : ‘डावीकडचा लहरी आहे का असं विचारलं तर तू “जा” म्हणशील का?’ ‘जा’ म्हणाला तर एकतर मधलाच लहरी आहे किंवा डावीकडचा खरंच लहरी आहे. काहीही असलं तरी उजवीकडचा लहरी नाही. ‘दा’ म्हणाला तर याच विचारानं डावीकडचा लहरी नाही. पहिल्याच प्रश्नात एक भरवशाचा देव हाती लागला. उरलेले दोन प्रश्न त्यालाच, त्याच घाटाचे : तू खरं बोलणारा आहेस का, आणि मधला लहरी आहे का. मधला लहरी निघाला तर उरलेला कोण ते कळलंच. नाही निघाला तर लहरी तो उरलेला. एवढ्या अवघड नावाचं कोडं आणि त्याच्या पोटात तुमचा वाटेचाच प्रश्न.

आता एक कोडं मोजणीचं. दहा माणसं ओळीत उभी आहेत. पहिला म्हणतो, ‘आमच्यात निदान एक लबाड आहे.’ दुसरा म्हणतो, ‘निदान दोन लबाड आहेत.’ असं करत दहावा म्हणतो, ‘निदान दहा लबाड आहेत.’ लबाड किती? समजा लबाड सात आहेत. मग पहिल्या सात जणांची वाक्यं खरी ठरतात, म्हणजे सत्यवादी सात, आणि एकूण माणसं चौदा होतात. जुळलं नाही. पण त्यातून नियम दिसला. जितके लबाड तितकेच सत्यवादी असायला हवेत. दहा माणसं, म्हणून पाच लबाड, आणि ते शेवटचे पाच.

आता ओळीत अकरा माणसं उभी करा. अकराचे दोन समान भाग होत नाहीत. म्हणजे अकरा बेटवासी अशी वाक्यं बोलूच शकत नाहीत. माणसं कमी करत करत एकटाच उरला तर? तो म्हणेल, ‘आमच्यात निदान एक लबाड आहे,’ आणि तो एकटाच असल्यामुळे त्याचा अर्थ होतो ‘मी लबाड आहे’. सुरुवातीचं ते न बोलता येणारं वाक्य हे असं विषम संख्यांच्या रांगेतलं पहिलं आहे.

बेटावर हे वाक्य कुणी बोलत नाही म्हणून आपण सुटलो. पण बेटाबाहेर कुणीतरी कागदावर ‘हे वाक्य खोटं आहे’ असं लिहिलं तर? खरं मानलं तर खोटं, खोटं मानलं तर खरं. हा पेच इसवी सनापूर्वी चौथ्या शतकातल्या मिलेटसच्या युबुलिडीजच्या नावावर आहे. त्याच्याही आधीचा म्हणून क्रीटच्या एपिमेनिडीजचा दाखला देतात. ‘सगळे क्रीटवासी नेहमी खोटं बोलतात’ असं क्रीटवासीच म्हणाला, म्हणून तो विरोधाभास, असं पुष्कळ पुस्तकांत लिहिलेलं असतं. तुम्ही आता नकार शिकला आहात, तेव्हा तपासा. वाक्य खरं असू शकत नाही हे खरंच. पण खोटं असू शकतं, कारण त्याचा नकार फक्त एवढाच, की कुणीतरी एक क्रीटवासी कधीतरी एकदा खरं बोलला. त्यात विसंगती कसलीच नाही. भारतात हाच विषय भर्तृहरीनं ‘वाक्यपदीया’त हाताळला आहे. ‘मी सगळं खोटं बोलतो’ असं म्हणणारा माणूस ते वाक्य त्या ‘सगळ्या’मध्ये धरत नाही, अशी त्याची सोडवणूक. वाक्य बोलणाऱ्याची विवक्षा तो पाहतो. बेटाचा कोरडा नियम आणि भर्तृहरीचा हा विचार एकमेकांसमोर ठेवले की व्याकरणकार आणि कोडंकार यांच्या दृष्टींतला फरक लख्ख दिसतो.

स्मलियन यांनी मात्र हा पेच टाळला नाही, तो त्यांच्या आयुष्याचाच विषय झाला. १ एप्रिल १९२५ ची गोष्ट त्यांनी पुस्तकाच्या सुरुवातीलाच सांगितली आहे. त्यांचा मोठा भाऊ सकाळी म्हणाला, ‘आज तुला असं फसवीन की कधी फसला नसशील.’ लहानगा रेमंड दिवसभर वाट पाहत राहिला. काहीच झालं नाही. रात्री भाऊ म्हणाला, ‘मी फसवेन अशी तुझी अपेक्षा होती ना? आणि मी फसवलं नाही. म्हणजे फसलास की नाही?’ दिवा मालवल्यावरही तो मुलगा विचार करत जागा होता : मी फसलो की नाही?

याच बेटावरून त्यांनी वाचकाला कुर्ट ग्योडेल यांच्यापर्यंत नेलं. एक बेटवासी एका अचूक तर्कशास्त्रज्ञाला म्हणतो, ‘मी सत्यवादी आहे हे तू कधीच सिद्ध करू शकणार नाहीस.’ हा तर्कशास्त्रज्ञ खोटी गोष्ट कधीच सिद्ध करत नाही. समजा बेटवासी लबाड आहे. मग त्याचं वाक्य खोटं, म्हणजे तर्कशास्त्रज्ञ त्याला सत्यवादी सिद्ध करू शकेल. पण मग तो खोटी गोष्ट सिद्ध करेल. तसं होत नाही. म्हणून बेटवासी सत्यवादी आहे, आणि त्याचं वाक्य खरं असल्यामुळे तर्कशास्त्रज्ञाला ते कधीच सिद्ध करता येणार नाही. गोष्ट खरी आहे, पण त्याच्या हाताबाहेरची. ग्योडेल यांनी अंकगणिताबद्दल नेमकं असंच काहीसं सिद्ध केलं, तेही १९३१ सालीच. त्याच वर्षी बॉस्टनचे वाचक सकाळच्या वृत्तपत्रातलं कोडं सोडवत बसले होते.

आज रात्री जेवणं झाल्यावर हे एक घेऊन बसा. बेटावर अ, ब आणि क भेटतात. अ म्हणतो, ‘ब आणि क वेगवेगळ्या गटांतले आहेत.’ मग तुम्ही ब कडे वळून विचारता, ‘अ आणि क वेगवेगळ्या गटांतले आहेत का?’ आठपैकी चार शक्यता उरतात, म्हणजे तिघांत कोण कोण आहे हे तुम्हाला कळणार नाही. तरी ब तोंड उघडण्याआधीच त्याचं उत्तर सांगता येतं. तो काय म्हणेल?